दिवसाआड

"तुझ्या कॉम्प्युटरला 'दिवसाआड' म्हणजे काय ते कळत नाही का गं?"

३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी आत्याचा फोन आला, तेव्हा तिचं पहिलं वाक्य हे होतं. ती चिडलेली नव्हती, दमलेली होती. सलग दोन पहाटे ती माझ्या मेसेजवर विश्वास ठेवून उठली होती. १ तारखेला मोटर लावून बसली, नळाला थेंब नाही. २ तारखेला मेसेज नाही म्हणून झोपून राहिली, तर पाणी येऊन गेलं. ३ तारखेला पुन्हा मेसेज, पुन्हा कोरडा नळ. घरात एक पिंप तळाला गेलेलं आणि शेजारच्यांनी दिलेल्या दोन कळश्या.

आत्या तालुक्याच्या गावी जुन्या वाड्यात एकटी राहते. तिथं पाणी दिवसाआड येतं, पहाटे पाचला, पाऊण तास. पूर्वी पाइपाच्या फुसफुशीनं तिला जाग यायची, आता ऐकू कमी येतं. म्हणून मी तिच्या फोनवर टेलिग्राम टाकून दिलं, मोठ्ठी रिंगटोन लावली आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: पाण्याच्या दिवशी 'आज पाणी आहे' एवढाच मेसेज पाठवणारा. मी पोटापाण्यासाठी कोडच लिहिते. हे काम म्हणजे दहा मिनिटांचं, असं मला वाटलं होतं.

त्या दहा मिनिटांच्या कामात मी तीनदा चुकले. तिन्ही वेळा चूक एकाच जातीची होती, आणि तिचा इतिहास सत्तरच्या दशकापासून सुरू होतो हे मला नंतर कळलं. ही त्याचीच गोष्ट.

पाच खाने

कॉम्प्युटरला 'हे काम अमुक वेळी कर' असं सांगण्याची सगळ्यात प्रसिद्ध सोय म्हणजे क्रॉन. ग्रीक भाषेतल्या काळाच्या शब्दावरून हे नाव आलं असं मानतात. १९७९ साली बेल लॅब्जमधून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली, तिच्यात क्रॉन होतं. रचना अगदी साधी. अख्ख्या मशीनसाठी एकच फाइल. तिच्यात एकेका ओळीत एकेक काम. क्रॉन दर मिनिटाला जागं व्हायचं, यादी वाचायचं, या मिनिटाला काही आहे का बघायचं, असेल तर करायचं आणि पुन्हा झोपायचं. रात्रीच्या पहारेकऱ्यासारखं.

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पाच खाने असतात: मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना, वार. जिथं 'कोणतंही चालेल' तिथं तारका काढायची. म्हणजे '३० ४ * * *' याचा अर्थ रोज पहाटे साडेचार. इतकी वर्षं झाली, फोन खिशात मावायला लागले, सर्व्हर ढगात गेले, पण हे पाच खाने तसेच आहेत. आज तुमच्या फोनवर रात्री येणारं 'डेटा बॅकअप झाला' हे नोटिफिकेशन किंवा वीजबिलाची आठवण, यांच्या मागे कुठेतरी पाच खान्यांची अशी एखादी ओळ असण्याची शक्यता भरपूर आहे.

त्याच सुमाराला अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात रॉबर्ट ब्राउन यांच्यापुढे वेगळा प्रश्न होता. तिथल्या मशीनवर शंभरेक लोक एकाच वेळी काम करत. प्रत्येकाला स्वतःची यादी हवी. आता दर मिनिटाला उठून शंभर याद्या चाळायच्या म्हणजे मशीनचा जीव त्यातच जायचा. ब्राउन यांनी घटनांची रांग ठेवण्याची एक पद्धत वापरली: सगळ्या कामांपैकी सर्वांत आधी येणारं काम कोणतं ते काढायचं, आणि थेट त्या क्षणापर्यंत झोपायचं. पहारेकऱ्यानं दर मिनिटाला फेरी मारण्याऐवजी उशाशी गजर लावून झोपावं, तसं. ही कल्पना पुढे बेल लॅब्जमध्ये पोचली आणि क्रॉन मशीन सांभाळणाऱ्या एकट्याचं न राहता प्रत्येक वापरणाऱ्याचं झालं.

आणि प्रत्येकाच्या हाती गेल्यावर जे होतं तेच झालं. लोक पाच खाने विसरायला लागले. आधी तास की आधी मिनिट? रविवार म्हणजे शून्य की सात? (उत्तर: बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतात.) त्यात एक खास खड्डा आहे. तारीख आणि वार दोन्ही खाने भरले तर आजचं क्रॉन 'आणि' समजत नाही, 'किंवा' समजतं. म्हणजे '१३ तारीख, शुक्रवार' असं लिहिलंत तर तेरा तारखेचा शुक्रवार मिळत नाही. प्रत्येक तेरा तारीख आणि प्रत्येक शुक्रवार मिळतो.

टोपणनावं

१९८७ मध्ये पॉल विक्सी यांनी स्वतःचं क्रॉन लिहून मोफत वाटलं. लिनक्सच्या जगात क्रॉन म्हटलं की अनेक वर्षं हेच. त्यात पाच खान्यांच्या जागी लिहिता येतील अशी टोपणनावं आली. ॲट-चं चिन्ह आणि पुढे एक शब्द: अवरली, डेली, वीकली, मंथली, यर्ली. मशीन सुरू होताना एकदाच करायच्या कामासाठी रीबूट. गंमत म्हणजे 'डेली' आणि 'मिडनाइट' ही दोन नावं एकाच गोष्टीची. 'यर्ली' आणि 'ॲन्युअली' यांचंही तसंच. ज्याला जो शब्द आठवेल तो त्यानं लिहावा.

कोड लिहिणाऱ्यांच्या भाषेत याला सोयीची मेथड म्हणतात. नवीन ताकद काहीच येत नाही, कारण 'डेली' जे करतं ते पाच खान्यांत आधीही करता येत होतं. फक्त माणसाला आठवेल असं नाव मिळतं. तरीही जगातल्या बहुतेक मोफत लायब्रऱ्यांकडे सगळ्यात जास्त विनंत्या अशाच नावांच्या येत असाव्यात, असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं. त्यातली एक माझी आहे. तिच्याकडे येते.

माझी पहिली चूक या टोपणनावांतच झाली. सुरुवातीला चाचणी म्हणून मी 'डेली' लिहिलं. विचार असा, की रात्री बाराला मेसेज जाऊन पडेल, रिंगटोन दहा मिनिटांनी पुन्हा वाजत राहील अशी सोय करू. मेसेज आला पहाटे साडेपाचला. तोवर पाणी येऊन अर्धा तास झालेला.

कारण सर्व्हरचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर होतं आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. त्याची मध्यरात्र म्हणजे आपली साडेपाचची पहाट. 'रोज' या शब्दात 'कुणाची मध्यरात्र' हा प्रश्न दडलेला असतो. आपल्याकडे तर हा प्रश्न फार जुना आहे. १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ मिळाली, तरी मुंबई आपली वेगळी 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत धरून होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. एकाच शहरात दोन घड्याळं, आणि 'पाच वाजता भेटू' म्हटलं की कोणत्या पाचला हे विचारावं लागणार. मी सर्व्हरला कोलकात्याचं नाव असलेली भारतीय वेळ लावली, साडेचार लिहिलं आणि निश्चिंत झाले.

एकतीस तारखेचा खड्डा

'दिवसाआड'साठी क्रॉनमध्ये एक खूण आहे: तारखेच्या खान्यात '*/२'. जवळजवळ सगळे तिला 'दर दोन दिवसांनी' असं वाचतात. मीही वाचलं. जानेवारीभर सगळं छान चाललं. १, ३, ५ करत ३१ जानेवारीपर्यंत मेसेज बरोबर, पाणीही बरोबर.

पण त्या खुणेचा खरा अर्थ 'दर दोन दिवसांनी' नाही. तिचा अर्थ 'महिन्याच्या १ तारखेपासून एक सोडून एक तारीख'. महिना संपला की मोजणी पुन्हा एकपासून. ३१ नंतर लगेच १, म्हणजे सलग दोन दिवस मेसेज. पाणी मात्र ३१ नंतर २ तारखेला आलं, कारण पाण्याला महिने कळत नाहीत. तिथून पुढे मेसेज विषम तारखांना आणि पाणी सम तारखांना. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, म्हणून मार्चमध्येही तेच चाललं असतं, आणि मार्चच्या ३१ दिवसांनी ते आपोआप पुन्हा जुळलं असतं. हे सगळ्यात वाईट. काही महिने बरोबर, काही महिने चूक, पुन्हा बरोबर.

१९७९ च्या क्रॉनला आठवण नव्हती. काल काय केलं हे ते कुठेही लिहून ठेवत नसे. ते फक्त आत्ताचं घड्याळ बघायचं आणि यादीशी जुळतं का विचारायचं. आजही तसंच आहे. आणि 'दिवसाआड' हा शब्द घड्याळ बघून कळत नाही. काल पाणी आलं होतं का, हे ठाऊक असल्याशिवाय आज आहे का सांगता येत नाही. आत्याला ते आठवतं. क्रॉनला नाही.

मराठीत अशा शब्दांची रेलचेल आहे. रोज, दिवसाआड, आठवड्यातून दोनदा, पंधरवड्याला, महिनाअखेर. महिनाअखेरसुद्धा पाच खान्यांत सरळ लिहिता येत नाही, कारण शेवटची तारीख २८, २९, ३० की ३१ हे महिन्यावर. 'उद्या १ तारीख असेल तर आज कर' अशी उलटी युक्ती लोक वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. आणि 'दर एकादशी' म्हटलं तर पंचांगच उघडावं लागेल, कारण तिथीचा कधी क्षय होतो, कधी वृद्धी.

माणसांसाठी

२०१० मध्ये हेरोकू कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, ॲडम विगिन्स, यांनी क्रॉनचा नव्यानं विचार करायला हवा असं मांडलं. वेळापत्रक हे मशीनच्या कुठल्यातरी कोपऱ्यातल्या फाइलमध्ये न ठेवता प्रोग्रॅमच्या आतच, वाचता येईल अशा भाषेत असावं, ही कल्पना. त्यांची रूबी भाषेतली क्लॉकवर्क ही लायब्ररी त्यातलीच. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन डॅन बेडर यांनी २०१३ मध्ये पायथॉनसाठी 'शेड्यूल' आणली. तिची ओळखच 'माणसांसाठी' अशी करून दिलेली आहे. तिच्यात ओळ जवळजवळ इंग्रजी वाक्यासारखी वाचता येते: एव्हरी, मग मंडे, मग डू.

वाक्यासारखी म्हणजे किती? 'एव्हरी टू' म्हणून पुढे एकवचनी 'वीक' लिहिलं तर ती चूक दाखवते आणि अनेकवचनी 'वीक्स' लिही म्हणते. कोडमध्ये व्याकरण तपासणाऱ्या बाई.

२०१५ मध्ये टेलर ऑटवेल यांच्या लारावेलच्या पाचव्या आवृत्तीत पीएचपीवाल्यांनाही अशीच सोय मिळाली. आज तिच्यातली नावं बघितली तर हसू येतं: दर दोन मिनिटांनी, दर तीन मिनिटांनी, चार, पाच, दहा, पंधरा, तीस, प्रत्येकासाठी वेगळी मेथड. दिवसातून दोनदा, महिन्यातून दोनदा, तिमाहीला, महिन्याच्या शेवटच्या दिवशी. आणि या सगळ्या सुंदर नावांच्या खाली काय आहे? सर्व्हरवर क्रॉनची एकच ओळ, पाचही खान्यांत तारका. दर मिनिटाला क्रॉन उठतं आणि लारावेलला विचारतं, 'आत्ता काही आहे का?' तोच रात्रीचा पहारेकरी, फक्त अंगावर नवा कोट.

आत्याच्या फोननंतर मी क्रॉन सोडून अशाच एका लायब्ररीकडे वळले. 'दर दोन दिवसांनी' असं सरळ लिहिता येत होतं. आठ दिवस उत्तम चाललं. मग सुरक्षेच्या अपडेटसाठी सर्व्हर रीस्टार्ट झाला. ही लायब्ररी दोन दिवस मोजते ते प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून. रीस्टार्ट झाला की मोजणी नव्यानं. या वेळी मी लक्ष ठेवून होते म्हणून आत्याला त्रास झाला नाही, पण ही तिसरी चूक.

माझी विनंती

त्या रात्री मी लायब्ररी सांभाळणाऱ्यांना विनंती लिहिली. एक मेथड द्या: अमुक तारखेपासून दिवसाआड. नमुना कोड जोडला. पाण्याचं उदाहरण दिलं, कारण जगात किती गावं दिवसाआड पाण्यावर जगतात हे त्यांना कळावं असं मला वाटत होतं.

चार दिवसांनी उत्तर आलं. सौजन्यानं नकार. सारांश असा: लायब्ररी डिस्कवर काहीच लिहीत नाही, मग ती तारीख कुठे लक्षात ठेवायची? तुम्ही दर वेळी तारीख देणार असाल तर ते दोन ओळींचं गणित तुमच्याच कोडमध्ये शोभेल. आज दिवसाआड घेतलं, उद्या आठवड्याआड, परवा 'एक सोडून एक सोमवार', मग सुट्टीचे दिवस वगळून. कुठे थांबायचं?

मी चिडले. दिवसभर मनात भांडत होते. दर चार मिनिटांसाठी मेथड चालते आणि आमचं दिवसाआड चालत नाही? फुकट काम करणाऱ्या माणसावर चिडणं किती सोपं असतं.

मग रागाच्या भरातच हा सगळा इतिहास वाचत गेले आणि एक गोष्ट लक्षात आली. सोयीचं प्रत्येक नाव एक प्रश्न झाकून ठेवतं. 'रोज' झाकतं: कुणाची मध्यरात्र? '*/२' झाकतं: महिना बदलला की काय? 'दर दोन दिवसांनी' झाकतं: कधीपासून? नाव जितकं आपल्या बोलीच्या जवळ, तितके आपण ते प्रश्न विचारायचे विसरतो. कारण बोलताना समोर माणूस असतो आणि तो उरलेलं समजून घेतो.

ही किंमत फक्त माझ्यासारख्यांनाच मोजावी लागते असं नाही. सगळ्यांनी 'डेली' लिहिलं की सगळ्यांची कामं बरोबर बाराच्या ठोक्याला सुरू होतात. मग मध्यरात्री सर्व्हरवर झुंबड. जेन्किन्स या प्रणालीनं यावर वेगळाच तोडगा काढला. तिथं एच असं अक्षर लिहिता येतं, त्याचा अर्थ 'नेमकं मिनिट तूच ठरव'. ते कामाच्या नावावरून काढलं जातं, त्यामुळे प्रत्येकाला वेगळं, पण रोज तेच. जेन्किन्समध्ये 'डेली'चा अर्थही तसाच बदलला: मध्यरात्र नव्हे, दिवसातली कुठलीतरी एक ठरलेली वेळ. गिटहबची ॲक्शन्स ही सेवाही वापरणाऱ्यांना बजावते, की तासाच्या सुरुवातीला गर्दी असते, काम उशिरा सुरू होऊ शकतं, दुसरं एखादं मिनिट निवडा. एक सोपा शब्द लाखोंनी वापरला की तो शब्दच गर्दी तयार करतो.

नकार देणाऱ्याला हे ठाऊक असणार. एक मेथड दिली की ती काढून घेता येत नाही. कुणाचा तरी पगार, कुणाचं तरी औषध, कुणाचं तरी पाणी तिच्यावर अवलंबून राहतं.

दोन ओळी

शेवटी मी त्यांनी सांगितलेल्या त्या दोन ओळीच लिहिल्या. पाणी नक्की आलेला एक दिवस पाया म्हणून धरला. आजपर्यंत त्याला किती दिवस झाले ते मोजायचं, दोनानं भागायचं, बाकी शून्य तर मेसेज. क्रॉन रोज साडेचारला उठवतं, पण पाठवायचं की नाही हे ठरतं त्या भागाकारावर. आता ३१ तारीख येवो की सर्व्हर रीस्टार्ट होवो, मोजणी चुकत नाही. 'कधीपासून' या प्रश्नाचं उत्तर लपलेलं नाही, पहिल्याच ओळीत तारखेच्या रूपात लिहिलेलं आहे.

मार्च महिना नीट गेला. एप्रिलच्या मध्यावर गावातल्या पाणीपुरवठ्याचा पंप जळाला. एक दिवस पाणी आलंच नाही, दुसऱ्या दिवशी आलं. माझं गणित अचूक होतं आणि तरीही चूक ठरलं.

या वेळी आत्यानं फोन केला तो सकाळी सातला, पिंपं भरून झाल्यावर. मेसेज नसतानाही तिनं पाणी भरलं होतं. कसं, विचारलं तर म्हणाली, "व्हॉल्व्ह सोडणारे काका काल संध्याकाळी दारावरून सांगून गेले. ते पूर्वीपासूनच सांगतात. तू एवढ्या हौसेनं केलंयस म्हणून मी तुला बोलले नव्हते."

मी विचारलं, "मग बंद करू का गं मेसेज?"

"बंद कशाला? ते रजेवर असले की कोण सांगणार? फक्त तुझ्या कॉम्प्युटरला सांग, आजपासून मोज."

मी कोड उघडला आणि पहिल्या ओळीतली तारीख बदलली. ती बदलता येते हे बरं झालं. सोयीच्या एखाद्या नावाखाली ती झाकलेली असती, तर मला शोधावी लागली असती.